भोरड्यांचं पान

बाबामियाँच्या अल्बममध्ये एकशे अकरा पानं भरलेली होती आणि एक कोरं होतं. कोरं पान शेवटचं नव्हे, पहिलं. अल्बम उघडला की आधी तेच दिसायचं आणि बघणारा विचारायचा, "इथला फोटो कुठं पडला का?"

"पडला न्हाय. यायचाय अजून," बाबामियाँ म्हणायचा. "ती भोरड्यांची जागा हाय."

मी लिंबाजी. बाबामियाँ माझा जोडीदार, माझ्याच वयाचा, म्हणजे चौऱ्याहत्तरीचा. नऊ वर्षं झाली, आम्ही दोघं पाखरांचे आणि रानातल्या जनावरांचे फोटो काढतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला द्यायचे नाहीत. हौस आहे.

बाबामियाँचा येरमाळ्याला स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. येडेश्वरीच्या दर्शनाला आलेली नवी जोडपी तिथं धबधब्याच्या पडद्यापुढं उभी राहायची. आमच्या भागात खरा धबधबा पावसाळ्यापुरता रामलिंगला, पण बाबामियाँकडं बारा महिने. पुढं ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला आणि पडद्यापुढं उभं राहायला कुणी येईना. एक दिवस त्यानं स्टुडिओला कुलूप लावलं, शेवटी घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवला आणि थेट माझ्या शेतात आला.

"लिंब्या, माणसं काय आता माझ्यापुढं उभी राहत न्हाईत. पाखरं राहतील का रं?"

"उभी कशाला राहतील? बसतील की."

तिथून सुरू झालं. त्याला कॅमेरा कळायचा, मला पाखरं. कुठलं पाखरू कोणत्या झाडावर, ऊन कुठल्या अंगाला असताना येतं ते मी सांगायचं आणि त्यानं टिपायचं. मग त्यानं मलाही शिकवलं. माझा पहिला फोटो टिटवीचा. टिटवी सोडून सगळं आलं, बांध, दगड आणि माझ्या पायाचा अंगठा.

"अंगठा लई साफ आलाय," बाबामियाँ म्हणाला. "जुनी सवय तुला अंगठ्याची. पन अंगठ्याला डोळा नसतो, लिंब्या. ध्यानात ठेव, डोळा साफ तर फोटो साफ. आन् दाबताना श्वास कोंडू नको. श्वास सोड, मग दाब."

त्याच्या जुन्या गाडीवर बसून आम्ही कुठं कुठं गेलो. येडशीला रामलिंगच्या जंगलात मोरासाठी दबून बसलो, तर माकडानं पाठीमागून भाकरीचं फडकं पळवलं. मोर मिळाला नाही. बाबामियाँनं भाकरी खाणाऱ्या माकडाचा फोटो काढला. अल्बममध्ये तो चौतिसाव्या पानावर आहे. फोटोखाली लिहायचं काम माझं. मी लिहिलं, "माकड. भाकरी आमची." माकणीच्या धरणावर थंडीत डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस उतरतात. ते टिपताना बाबामियाँ मांडीपर्यंत गाळात रुतला. "आधी कॅमेरा धर, मग मला!" असा ओरडत होता. मी त्याला ओढून काढला, पण त्याची एक चप्पल अजून तिथंच आहे.

त्याच्या घरी आल्यावर नूरजहाँभाबी चहा करायच्या आणि आम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत फोटो बघत बसायचो. शंभर काढलेले असले तर दोन बरे निघायचे. त्या दोनांवर आमचा आठवडा जायचा.

आता भोरड्यांचं सांगतो.

माझं आणि पाखरांचं भांडण जुनं. सहा वर्षांचा होतो तेव्हा बापानं मला ज्वारी राखायला माळ्यावर बसवलं. चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेल्या, हातात गोफण, खाली खड्यांचा ढीग. बांधापलीकडं बाबामियाँच्या बापाचं शेत आणि त्याच्या माळ्यावर बाबामियाँ. तो पुढं चौथीपर्यंत शाळेत गेला, मी गेलो नाही. पाखरांनी माझी शाळा खाल्ली, असं मी म्हणतो. अक्षरं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी आली. नात शिवकन्या पहिलीत होती, तिच्याच पुस्तकातून तिच्याबरोबर शिकलो.

चिमण्या, पोपट, सुगरणी यांचं काही वाटायचं नाही. खडा मारला की उडायच्या. भीती भोरड्यांची. ज्वारी चिकात आली, दाणा दाबल्यावर दूध निघायला लागलं की त्या यायच्या. अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपूट काळं. एक-दोन नाहीत, हजारांनी. लांबून धुरासारख्या दिसायच्या, वळल्या की गुलाबी व्हायच्या आणि शेतावर पडल्या की कणसं खाली वाकायची. अर्धा तास बसू दिल्या तर वर्षाची भाकरी जायची.

म्हणून हाकेची रीत होती. ज्याला थवा आधी दिसेल त्यानं हाक द्यायची, "हाऽऽ होऽऽ!" आणि शेजारच्यानं लगेच तिला उत्तर द्यायचं. मग त्याच्या पुढच्यानं. अशी हाक शिवारभर फिरायची आणि थव्याला टेकायला जागा मिळायची नाही. ज्याची हाक आली नाही त्याच्या शेतावर भोरड्या पडणार हे ठरलेलं.

एका सकाळी मला उन्हानं झोप लागली. बाबामियाँनं हाक दिली. मी उठलो नाही. त्यानं तीनदा दिली. मग तो स्वतःचा माळा सोडून बांध ओलांडून माझ्या शेतात धावत आला आणि डबा बडवायला लागला. थवा माझ्या शेतावरून उठला आणि त्याच्या मोकळ्या शेतावर जाऊन पडला. त्या दिवशी दोघांच्या बापांनी दोघांना बडवलं. मला झोपल्याबद्दल आणि त्याला दुसऱ्याचं शेत राखल्याबद्दल. तिथून पुढं मी कधी एकही हाक बिनउत्तराची ठेवली नाही.

आता आमच्या शिवारात ज्वारी राहिली नाही. सोयाबीन आहे, ऊस आहे, हरभरा आहे. सोयाबीनला कोण पाखरू विचारतंय? माळे गेले, गोफणी गेल्या, भोरड्या वरच्यावर निघून जायला लागल्या. परंड्याकडं अजून ज्वारी आहे, तिथं त्या दिसतात असं कळल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो. लांब बाभळींवर थवा मिळाला. फोटोत नुसते तीळ सांडल्यासारखे ठिपके आले. बाबामियाँनं तो फोटो अल्बमला लावला नाही.

"ह्या परक्याच्या भोरड्या," तो म्हणाला. "मला आपल्या पाहिजेत. आपली जवारी खानाऱ्या."

गेल्या वर्षीपासून त्याचे हात थरथरायला लागले. आधी बशीतला चहा सांडायला लागला, मग फोटो हलायला लागले. पोळ्याच्या सुमारास त्याचा मुलगा दानियाल हैदराबादहून आला. तो तिथंच नोकरीला आहे. म्हणाला, "अब्बा, आता इथं राहून चालायचं नाही. तिथं चांगला दवाखाना आहे, औषधं नीट होतील. सव्वीस जानेवारीला सुट्टी आहे, मी गाडी घेऊन येतो. तुम्ही आणि अम्मी चला."

बाबामियाँ नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला, बांधावर बसला आणि म्हणाला, "लिंब्या, पहिलं पान कोरं ठेवून जायचं का रं म्या?"

मी त्याच दिवशी ठरवलं. दहा गुंठ्यांत मालदांडी ज्वारी पेरायची.

पाऊस हटेना, रान पेरण्याजोगं सुकून वापसा येईना. पेरायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. म्हणजे दाणा चिकात यायला जानेवारीचा दुसरा पंधरवडा. मी बोटं मोजत होतो. माझा मुलगा कुलदीप शेत बघतो. तो म्हणाला, "अण्णा, आख्ख्या शिवारात तुमची एकट्याची दहा गुंठे जवारी. सगळी पाखरं तुमच्यावरच पडतील."

"पडू दे. त्याच्यासाठीच पेरतोय."

त्यानं माझ्याकडं ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. माझी बायको कमलबाई चुलीपुढं होती. तिथूनच बोलली, "जल्मभर पाखरं हाकलली आन् आता त्यास्नी आवतान! बुंदी बी पाडायची का, अवं?"

पण तिनंच नंतर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा करून दिला. त्याला दोन भोकं ठेवली. आत बाबामियाँसाठी प्लास्टिकची खुर्ची, माझ्यासाठी पोतं आणि तिपाईवर वाळू भरलेली पिशवी. तिच्यावर कॅमेरा टेकवला की हलत नाही, ही बाबामियाँची युक्ती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसायला लागलो. कुलदीप पहाटे बाबामियाँला मोटरसायकलवर आणून सोडायचा. नूरजहाँभाबी थर्मासमध्ये चहा आणि एक स्टीलचा पेला द्यायच्या. त्याच्या कानाला मफलर, हात शालीत. थंडी मी म्हणत होती. चिमण्या आल्या, सुगरणी आल्या, पोपट तर रोज आले. मी फोटो काढून काच त्याच्यापुढं धरायचो.

"बरा हाय. पन ही न्हाय," तो म्हणायचा.

बसल्या बसल्या जुनं निघायचं. एकदा म्हणाला, "तुझा बाप लई मारायचा."

"तुझा काय आरती करायचा?"

"माझा मारायचा, पन मग गूळ द्यायचा. तुझा नुसता मारायचा." आणि तोंडावर मफलर धरून हसला, पाखरं उडू नयेत म्हणून.

असे सात दिवस गेले. दाणे घट्ट व्हायला लागले होते. मी रोज एक कणीस चिमटून बघायचो, आज दूध आहे की नाही.

आठव्या दिवशी ऊन नुकतं कणसांवर आलं होतं. बाबामियाँनं चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला होता. आधी आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, पण लांबून आणि न थांबणारा. पेला तसाच धरून त्यानं मान वर केली. पूर्वेकडून धूर निघाला, वळला आणि गुलाबी झाला.

"आल्या," तो म्हणाला. फक्त ओठ हलले.

त्या आल्या आणि पडल्या. हजार नव्हत्या, दोन-अडीचशे असतील. पण दहा गुंठ्यांना तेवढ्या पुष्कळ. कणसं वाकली. मी भोकाला डोळा लावला. लेन्समध्ये एक भोरडी इतकी जवळ आली की तिच्या चोचीला लागलेलं दाण्याचं पांढरं दूध दिसलं. डोक्यावरचा तुरा दिसला. डोळा साफ होता, त्यात उन्हाचा कण. तिच्या मागं सगळी ज्वारी गुलाबी. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता आणि काढणार नव्हतो. बोट बटणावर होतं. बाबामियाँनं शिकवलं तसा मी श्वास सोडला.

आणि श्वासाबरोबर हाक बाहेर पडली.

"हाऽऽ होऽऽ! हाऽऽ रेऽऽ!"

ती माझीच होती हे मला नंतर कळलं. मी उभा होतो. कडब्याची पेंढी लाथेनं आडवी झाली होती, कॅमेरा पिशवीवरून घसरून पोत्यावर पडला होता आणि माझा उजवा हात डोक्याच्या वर गरगर फिरत होता. हातात गोफण नव्हती, तरी फिरत होता.

आणि मागून उत्तर आलं.

"होऽऽ हो हो! हाऽऽ!" बाबामियाँ खुर्चीतून अर्धा उठला होता, चहा शालीवर सांडला होता आणि स्टीलचा पेला तो खुर्चीच्या हातावर दणादण बडवत होता.

सगळा थवा एकदम उठला. आमच्या डोक्यावरून गेला, उसावरून गेला आणि पश्चिमेला दिसेनासा झाला. कणसं अजून हलत होती.

कुलदीप हरभऱ्यातून पळत आला. "काय झालं? काय चावलं का? अण्णा?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "पाखरं हाकलली."

तो आडव्या पेंढीकडं बघायला लागला, मग कॅमेऱ्याकडं, मग आम्हा दोघांकडं. बाबामियाँच्या शालीतून वाफ निघत होती. कुलदीप तोंड फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मी मटकन पोत्यावर बसलो. तीन महिने. पेरलं, खुरपलं, आठ दिवस गारठ्यात बसलो आणि माझ्याच तोंडानं घालवलं. सव्वीसला चार दिवस राहिले होते. मला बाबामियाँकडं बघवेना.

तो पेला पुसत होता.  मग म्हणाला, "लिंब्या, आज तुझा बाप असता तर शाबासकी दिली असती."

"गप बस."

"खरं सांगतो. एक दाना जाऊ दिला न्हाय तू."

"आन् तू कशाला बोंबललास? तू तरी गप बसायचं!"

"तू हाक दिली," तो म्हणाला. "मी काय करनार?"

तेव्हा मात्र मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात उचलला तर खांदा दुखत होता. साठ वर्षांत तसा हात फिरवला नव्हता.

पुढचे तीन दिवस आम्ही बसलो. पोपट आले. भोरड्या आल्या नाहीत.

सव्वीसच्या सकाळी शाळेच्या भोंग्यावर गाणी चालू होती. दानियालची गाडी बाबामियाँच्या दारात उभी होती. डिकीत गोधड्या, डबे, धबधब्याचा पडदा गुंडाळून ठेवलेला. तो पडदा कशाला न्यायचा म्हणून दानियालचं आणि त्याच्या आईचं चाललं होतं.

"राहू दे रे, तिथं भिंतीला लावू," भाबी म्हणाल्या.

बाबामियाँ आत पलंगावर बसला होता. मांडीवर अल्बम होता. पहिलं पान उघडलेलं.

"लिही," तो म्हणाला.

"काय लिहू? फोटोच न्हाय."

"फोटो माझं काम. ते झालं न्हाय. लिहायचं तुझं काम हाय, ते तू कर. जे झालं ते लिही."

मी खिशातला पेन काढला. कोऱ्या पानावर फोटोची जागा सोडून खाली लिहायला लागलो.  घाई केली नाही. बाबामियाँ माझ्या खांद्यावरून वाचत होता.

दानियाल सामान न्यायला आत आला. "काका, बघू," म्हणाला आणि मोठ्यानं वाचलं. "भोरड्या. बावीस जानेवारी, सकाळी. आल्या होत्या. आम्हीच हाकलल्या."

 त्यानं बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दारात उभ्या असलेल्या भाबी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांना सगळी हकिकत आधीच कळलेली होती. साऱ्या गावाला कळलेली होती.

निघताना बाबामियाँनं कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. पट्टा नीट करायला त्याला वेळ लागला, हात ऐकत नव्हते. मी मान वाकवून उभा राहिलो.

"श्वास सोड, मग दाब," तो म्हणाला. "पन तोंड बंद ठेव."

ज्वारी मी काढली नाही. दाणे पिकून कडक झाले, कुलदीपनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, राहू दे आठ दिवस. फेब्रुवारीच्या पाच तारखेला त्या परत आल्या. या वेळी मी एकटा होतो. आवाज आला तसा उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, दातांत घट्ट धरला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. घशातून हूं हूं निघत होतं, पण बाहेर पडलं नाही. सत्तेचाळीस फोटो काढले. त्यातले चार असे आले की शिवकन्या धाराशिवहून घरी आली तेव्हा बघून म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही काढलेत?" ती तिथं नर्सिंग शिकते. तिनंच ते मोबाईलवरून हैदराबादला धाडले.

संध्याकाळी फोन आला. भाबी बोलल्या. "भाई, लई सुंदर आलेत. दानियालनं लगेच मोठे करून आणले. हे तासभर बघत बसलेत."

"पहिल्या पानाला लावले का?"

"म्या तेच म्हनलं त्यांना. न्हाय म्हनतात. शेवटी नवं पान जोडून घेतलं आन् तिथं लावले."

मागून बाबामियाँचा आवाज आला. "त्याला सांग, पहिल्या पानावर जागा कुठंय? भरलंय ते." मग फोन त्याच्याच हातात गेला असावा, कारण थरथरल्यासारखी खरखर ऐकू आली. "लिंब्या, जवारी काढली का?"

"उद्या काढतो."

"किती राहिलीय?"

"बांधाकडची बरी हाय. मधली सगळी खाल्ली."

"अर्धा तास बसू दिल्या वाटतं," तो म्हणाला. "झोपला होतास का काय?"